मोटर अडली म्हणून हात अडू नयेत



चर्मोद्योग हा महाराष्ट्रातील अत्यंत जुना आणि कष्टाचा उद्योग आहे. रापी, आरी आणि ऐरण एवढ्या मोजक्या हत्यारांच्या बळावर पिढ्यान् पिढ्या या उद्योगाने समाजाच्या पायांचे रक्षण केले. मोटेचे चामडे, घोड्याचे खोगीर, ढोलकीचे पान आणि पायातील वहाण या साऱ्या वस्तू ज्या हातांनी घडवल्या, त्या हातांची कदर मात्र समाजाने फार उशिरा केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या कौशल्याला त्यामुळे अधिकृत मान्यता मिळाली. ती चप्पल आजही मुख्यतः हातानेच घडते, आणि तिचे मोलही त्यातच आहे.

परंतु पिशव्या, पट्टे, पाकिटे, बूट आणि आसनांची आवरणे या वस्तूंचे तसे नाही. धारावीतील गाळ्यांपासून लहान शहरांतील घरगुती कारखान्यांपर्यंत सर्वत्र हे काम आता शिवणयंत्रावर चालते. गेल्या काही वर्षांत या यंत्राखालची जुनी मोटर जाऊन तिच्या जागी सर्वो मोटर आली. कामाला वेग आला, टाक्याला नेमकेपणा आला आणि विजेचे देयकही उतरले. त्याचबरोबर एक नवी अडचणही आली. ही मोटर अडली की ती का अडली, हे चटकन कोणालाच उमगत नाही. आजचा विषय हाच आहे.

एका कारखान्यातील प्रसंग

एका लहान कारखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दहा बाय पंधराची खोली, दोन शिवणयंत्रे, एक कापणीचे टेबल. घरचे कर्ते गृहस्थ चामडे कापतात, शेजारच्या दोन महिला उक्त्या दराने शिवणकाम करतात, आणि हिशेब व किरकोळ दुरुस्त्या त्यांची पुतणी पाहते. तिने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दिवाळीपूर्वी दोनशे पिशव्या पोचवायच्या आहेत. चामड्यासाठी उचल घेतली आहे, आणि माल वेळेवर गेला नाही तर पुढची मागणी दुसऱ्याकडे जाईल हे स्पष्ट आहे.

अशा वेळी एके सकाळी मोठ्या यंत्राची मोटर अडते. पायडल दाबले की ती थरथरते, क्षणभर गुरगुरते आणि थांबते. नियंत्रक पेटीवर एक सांकेतिक आकडा झळकतो. गल्लीतील जुने मिस्त्री येतात, कान देऊन ऐकतात आणि निर्णय देतात, "मोटर जळाली. नवी घ्या."

नवी मोटर घ्यायची म्हणजे दोन्ही महिलांची मजुरी पुढच्या महिन्यावर ढकलायची. कर्ते गृहस्थ खिशात हात घालून उभे राहतात. तेवढ्यात पुतणी म्हणते, "काका, जळाली असती तर वास आला असता. वास तर आला नाही. आजचा दिवस मला द्या."

त्या एका दिवसात पुतणीने काय केले, हे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. दोष शोधण्याची जी शास्त्रीय पद्धत आहे, तीच तिने अनुसरली. परंतु त्याआधी मोटरीची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

जुनी मोटर आणि नवी मोटर

पूर्वी शिवणयंत्राला क्लच मोटर असे. कळ दाबली की ती पूर्ण वेगाने फिरू लागे आणि दिवसभर फिरतच राही. पन्नास आवर्तनांच्या आपल्या विजेवर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे करते. शिवण चालू असो वा नसो, ती गुणगुणत असे आणि वीज खात असे. पायडल दाबल्यावर आतील घर्षण-चकती चिकटे व यंत्र धावू लागे. सावकाश शिवायचे तर ही चकती अर्धवट घसरती ठेवावी लागे. हे केवळ पावलाचे कसब होते आणि ते साधायला वर्षे लागत. चामड्यात हे कसब फार महत्त्वाचे असते, कारण कापडावरचा चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता येतो, चामड्यावर मात्र सुईचे भोक कायमचे राहते.

सर्वो मोटरीने ही अडचण दूर केली. 'सर्वो' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील सेवक या अर्थाच्या शब्दात आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने जहाजांचे सुकाणू वळवणाऱ्या वाफेच्या यंत्रणेसाठी हे नाव रूढ केले. सेवकाने धन्याची आज्ञा ऐकावी, ती पाळावी आणि पाळली गेली की नाही याची वर्दीही द्यावी, ही कल्पना त्या नावामागे आहे. शिवणयंत्राची सर्वो मोटर नेमके हेच करते.

तिचे चार अवयव असतात. पहिला अवयव प्रत्यक्ष मोटर. तिच्या फिरत्या भागावर कायम चुंबके असतात आणि भोवती तारांची तीन वेटोळी. दुसरा अवयव संवेदक. फिरता भाग या क्षणी कोठे आहे, हे तो सांगतो. पुष्कळ मोटरींत यासाठी हॉल संवेदक वापरतात. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या चुंबकीय परिणामावर तो चालतो. तिसरा अवयव नियंत्रक पेटी. संवेदकाची वर्दी ऐकून कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची, हे ती ठरवते. चौथा अवयव पायडलचा संवेदक. पाऊल किती दाबले गेले, हे तो पेटीला कळवतो. काही यंत्रांना याखेरीज हातचाकाजवळ सुईची जागा ओळखणारा आणखी एक संवेदक असतो. सुई खाली थांबवायची की वर, हे त्यावरून ठरते.

या चौघांपैकी एकानेही खोटी वर्दी दिली किंवा मौन धरले, तर मोटर अडते. मोटर अडली याचा अर्थ मोटर जळाली असा नव्हे, ही गोष्ट पहिल्यांदा मनावर ठसवली पाहिजे.

सर्वांत आधी सुरक्षितता

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कळ बंद करणे पुरेसे नाही. सॉकेटमधून प्लग बाहेर काढला पाहिजे. त्यानंतरही किमान दहा मिनिटे पेटी उघडू नये. २३० व्होल्टची घरगुती वीज पेटीत शिरल्यावर तिचे एकदिशा विजेत रूपांतर होते व तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. ही वीज आतील धारित्रांत साठून राहते. प्लग काढल्यावरही तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

पेटीतून संवेदकाकडे जाणाऱ्या बारीक तारांवर पाचच व्होल्ट असतात, म्हणून त्या निर्धोक आहेत, असाही समज असतो. तो चुकीचा आहे. अनेक स्वस्त पेट्यांत या तारांचे नाते आतून थेट मुख्य विजेशी जोडलेले असते. म्हणून वीज चालू ठेवून करावयाची कोणतीही मोजणी प्रशिक्षित वीजतंत्र्यानेच करावी. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर काम तत्काळ थांबवावे व भू-जोडणी तपासून घ्यावी. भू-जोडणीची तार न्यूट्रलला बांधून वेळ मारून नेणे, हा जिवाशी खेळ आहे.

दोष यंत्रात की मोटरीत?

पुतणीने प्लग काढला आणि पहिला प्रश्न विचारला तो मोटरीला नव्हे, यंत्राला. तिने हातचाक हाताने फिरवून पाहिले. चाक जड लागते का, एखाद्या ठिकाणी अडकते का, हे तिला पाहायचे होते. चामड्याच्या यंत्रात जाड, चिवट धागा वापरतात. त्याचे तुटके टोक बॉबिनच्या हुकात गुरफटले की यंत्र जखडते. वाकलेली सुई, चिकट झालेले जुने तेल, हुकाखाली साचलेला चामड्याचा भुगा ही नेहमीची कारणे आहेत. यंत्र जखडले की मोटर अतिभाराने थांबते आणि दोष मात्र मोटरीच्या माथी जातो. या यंत्राचे चाक हलके फिरले. यंत्र निर्दोष ठरले.

नंतर तिने पट्टा पाहिला. पट्टा फार सैल असला तर तो घसरतो व जाड जोडावर सुई अडते. फार ताणलेला असला तर मोटरीच्या बेअरिंगवर अकारण ताण येतो. मधोमध अंगठ्याने बेताने दाबल्यावर पट्टा सुमारे एक सेंटिमीटर दबावा, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. येथे पट्टाही ठीक होता.

मग तिने पट्टा काढला आणि प्लग लावून नुसती मोटर चालवून पाहिली. या साध्या कृतीने अर्धे निदान होते. पट्ट्याविना मोटर सुरळीत चालली, तर दोष यंत्रात, पट्ट्यात किंवा भारात आहे. पट्ट्याविनाही ती अडली, तर दोष मोटर, पेटी किंवा संवेदकांत आहे. येथे पट्ट्याविनाही तीच थरथर झाली. शोधाचे क्षेत्र निम्म्यावर आले.

हाताने होणारी परीक्षा

पुन्हा प्लग काढून, धारित्रे रिकामी होऊ देऊन, तिने मोटरीची पुली हाताने फिरवली. चुंबकांमुळे हाताला हलके हलके टप्पे जाणवले, आणि ते जाणवलेच पाहिजेत. ही परीक्षा दोनदा करायची असते, एकदा मोटरीची जाड तार पेटीला जोडलेली असताना आणि एकदा ती सोडवून. तार सोडवल्यावर मोटर मोकळी फिरते, परंतु जोडताच एखाद्या चिखलात रुतल्यासारखी जड होते, तर पेटीतील शक्तिशाली ट्रान्झिस्टर आपसांत जुळून निकामी झाले, असे समजावे. तार सोडवूनही मोटर जड राहिली, तर वेटोळ्यांत आपसात स्पर्श झाला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. येथे मोटर दोन्ही वेळा मोकळी फिरली.

पुढची परीक्षा मल्टिमीटरची. मोटरीच्या तीन जाड तारांपैकी प्रत्येक जोडीतील रोध मोजायचा. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादी जोडी वेगळी निघाली, तर ते वेटोळे दुखावले आहे. तसेच कोणतीही तार आणि मोटरीचे धातूचे कवच यांच्यात संबंध आढळता कामा नये. येथे तिन्ही आकडे सारखे आले व कवचाशी संबंध आढळला नाही. म्हणजे मोटर जळालेली नव्हती. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण येथे पहिल्यांदा थोडा सैलावला.

मौन धरलेला संवेदक

मोटर शाबूत, मग ती थरथरते का? येथे थरथर हेच सर्वांत मोलाचे लक्षण होते. मोटरीला वीज मिळत होती, तिच्यात बळही होते, परंतु पुढचे पाऊल कोठे टाकायचे हे पेटीला कळत नव्हते. म्हणून ती एक धक्का देई, चुकीची वर्दी ऐके आणि स्वतःला थांबवी. पेटीवरील सांकेतिक आकडा तिने आधीच कागदावर टिपून ठेवला होता. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून ते पुस्तिकेतच पाहावे लागतात. वीज बंद केली की आकडा जातो, आणि घाईत तो टिपायचा राहून जातो. पुस्तिकेत त्या आकड्यासमोर संवेदकाचा दोष असा अर्थ होता.

आतापर्यंतच्या परीक्षा तिने एकटीने केल्या. पुढची मोजणी वीज चालू ठेवून करावयाची होती. तिने अनावश्यक धाडस केले नाही. आपल्या प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांना विनंती करून तिने त्यांना बोलावले. हाही शहाणपणाचाच भाग आहे. आपल्या ज्ञानाची मर्यादा जो ओळखतो, त्याच्याच हातून यंत्र सुरक्षित राहते.

निदेशकांनी मोटर सावकाश हाताने फिरवत संवेदकाच्या तीन तारा एकामागून एक तपासल्या. निरोगी संवेदकाच्या तारेवर दाब कधी शून्याजवळ तर कधी पाच व्होल्टजवळ, असा आळीपाळीने बदलतो. दोन तारांवर तो बदलत होता. तिसरी तार मुकी होती. परंतु टेबलाच्या पायाजवळ केबल किंचित हलवताच ती बोलू लागली आणि सोडताच पुन्हा गप्प झाली. दोष संवेदकातही नव्हता. तो केबलमध्ये होता.

प्लग काढून केबल सोलली, तेव्हा वरचे आवरण अखंड पण आतील एक बारीक तार तुटलेली आढळली. गुडघ्याने पाय उचलण्याची जी दांडी असते, ती प्रत्येक वेळी या केबलला घासत होती. दिवसातून शेकडो वेळा एकाच जागी वाकून तार आतल्या आत तुटली होती. तुटलेली टोके डाखाने जोडली, त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली आणि केबल दांडीपासून दूर, टेबलाच्या खालच्या बाजूला पट्ट्यांनी बांधून टाकली. संध्याकाळी मोटर फिरली. दोन्ही महिलांनी आपापली जागा घेतली. नवी मोटर घ्यावी लागली नाही.

मिस्त्रींचा दोष किती?

या प्रसंगात जुन्या मिस्त्रींना हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. ज्या मोटरींवर त्यांचे आयुष्य गेले, त्या कानाने आणि नाकानेच ओळखता येत. थरथरणारी, न फिरणारी जुनी मोटर बहुधा धारित्र गेल्याने किंवा वेटोळे जळाल्यानेच अडत असे. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, ते दुसऱ्या मोटरीचे होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, केबल हातात घेऊन बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "ताई, ती आकड्यांची वही मलाही एकदा दाखवा." पुतणीने त्यांच्यासाठी स्टूल पुढे केले. जुना कान आणि नवी मोजपट्टी यांची अशी सांगड जेथे पडेल, तेथे कोणतेही यंत्र फार काळ बंद राहणार नाही.

आणखी काही लक्षणे

तार तुटणे हे एक कारण झाले. कारागिरांना वरचेवर भेटणारी इतर लक्षणेही ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

मोटर अजिबात जागी होत नसेल आणि पेटीवर दिवाही लागत नसेल, तर प्रथम सॉकेट, प्लग, फ्यूज व कळ पाहावी. दुसरे एखादे उपकरण त्याच सॉकेटवर लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पायडल न दाबता मोटर आपोआप धावत असेल किंवा वेग मनास येईल तसा बदलत असेल, तर पायडलच्या संवेदकाकडे पाहावे. त्यात बहुधा छोटे चुंबक असते. तुटलेल्या सुईचे टोक किंवा लोखंडाचा कीस त्याला चिकटू शकतो. पायडलची जोडदांडी वाकलेली असणे किंवा स्प्रिंग थकलेली असणे हीही कारणे संभवतात. या दोषात बोट सुईखाली येण्याचा धोका असतो, म्हणून असे यंत्र एक मिनिटही वापरू नये.

मोटर मोकळी असताना उत्तम चालते, परंतु जाड चामड्याचे तीन-चार पदर आले की अडते, अशी तक्रार पुष्कळदा येते. येथे बहुधा बिघाड नसतोच. कमी वेगात बळ कमी पडते, एवढाच त्याचा अर्थ. उपाय पुलीचा आहे. मोटरीवर ५० मिलिमीटर व्यासाची पुली आणि यंत्रावर १५० मिलिमीटरचे चाक असले, तर वेग एक तृतीयांश होतो आणि फिरवण्याचे बळ घर्षणातील घट वगळता तिप्पट होते. ५५० वॅटची मोटर ३,००० फेऱ्यांना सुमारे पावणेदोन न्यूटन-मीटर एवढे बळ देते. योग्य पुलीमुळे तेच सुईपाशी सव्वापाच न्यूटन-मीटरच्या आसपास पोचते. चामड्याला वेगाची घाई नसते. शिवाय सुई चामड्यासाठीची, कापणाऱ्या टोकाची आणि धाग्याला साजेशा जाडीची आहे ना, हेही पाहावे. बोथट सुई चांगल्या मोटरीलाही दमवते.

काही वेळ चालून मोटर थांबते, थंड झाल्यावर पुन्हा चालते, असे घडत असेल तर ती तापते आहे. भुग्याने हवेची छिद्रे बुजली आहेत का, पट्टा अति ताणलेला आहे का, यंत्रात तेल आहे का, हे पाहावे.

संध्याकाळीच मोटर अडत असेल, तर विजेचा दाब तपासावा. तो मोटर थांबलेली असताना मोजून उपयोग नाही, ती भाराखाली चालत असताना मोजावा. लांब आणि बारीक तारेच्या जोडणीत दाब वाटेतच गळतो.

पावसाळ्यात गळतीरक्षक कळ वारंवार पडत असेल, तर ओल शिरली आहे. ती कळ काढून टाकणे हा उपाय नव्हे. ती जीव वाचवण्यासाठीच पडत असते.

सुई चुकीच्या जागी थांबत असेल, तर हातचाकाजवळील संवेदक सैल झाला आहे का, ते पाहावे. दुरुस्तीनंतर मोटर उलट दिशेने फिरू लागली, तर घाबरू नये. पेटीतील मूळ मांडणी पुसली गेली असण्याची शक्यता असते. म्हणून पेटीची मांडणी मूळपदावर आणण्यापूर्वी चालू आकडे वहीत उतरवून ठेवावेत.

निगा आणि नोंद

दुरुस्तीपेक्षा निगा स्वस्त असते. रोज काम संपल्यावर मऊ ब्रशने भुगा झाडावा, दर आठवड्याला हुक उघडून स्वच्छ करावा, महिन्यातून एकदा पट्टा, केबली आणि कनेक्टर पाहावेत. केबल लोंबकळत ठेवू नये. उंदरांचा उपद्रव असेल तेथे ती नळीतून न्यावी. पट्ट्यावर जाळीचे आवरण असावे. पदर, ओढणी किंवा मोकळे केस पट्ट्यात अडकून अपघात होतात, ते केवळ एका आवरणाने टळतात.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदवहीची. कोणत्या दिवशी कोणते लक्षण दिसले, पेटीवर कोणता आकडा आला, कोणता उपाय केला, एवढ्या तीन रकान्यांची वही प्रत्येक यंत्रापाशी टांगलेली असावी. वर्षभरानंतर ही वही कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

यंत्र समजून घेणारा कारागीर

यंत्र वापरणारा वेगळा आणि यंत्र समजणारा वेगळा, अशी विभागणी कारागिराला नेहमीच महागात पडली आहे. जोड्यांच्या उद्योगाचा इतिहास याची साक्ष देतो. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये जन्मलेला यान माट्झेलिगर हा तरुण अमेरिकेतील लिन या शहरात जोड्यांच्या कारखान्यात कामगार होता. जोड्याचे वरचे चामडे साच्यावर ताणून बसवणे हे काम तेव्हा केवळ हातानेच होई, आणि ते यंत्राने होणे अशक्य मानले जाई. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करीत त्याने ते यंत्र घडवले आणि १८८३ साली त्याचे एकस्व मिळवले. तो कारखानदार नव्हता, विद्यापीठाचा पदवीधरही नव्हता. ज्या कामात त्याचे हात झिजत होते, त्या कामाकडे त्याने बुद्धीने पाहिले.

महाराष्ट्रातील कारागिरासाठीही मार्ग खुले आहेत. चर्मोद्योगाच्या विकासासाठी राज्यात १९७४ साली महामंडळ स्थापन झाले. ते आज संत रोहिदास यांच्या नावाने कार्य करते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत चर्मकार व पादत्राणे कारागिरांचा समावेश आहे. प्रशिक्षण व साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य त्या योजनेत अंतर्भूत आहे. साधनसंच खरेदी करताना एक साधा मल्टिमीटर त्यात असावा आणि घरातील एका तरुणाने किंवा तरुणीने तो वापरण्याचे शिक्षण घ्यावे, एवढा निश्चय झाला तरी पुष्कळ साधेल.

संत रोहिदासांनी श्रमाला भक्तीइतकेच पवित्र मानले. त्या श्रमाला आज ज्ञानाची जोड हवी आहे. ज्या कारखान्याचा प्रसंग येथे सांगितला, तेथे दोष निघाला एका केसाएवढ्या तारेत. पण त्या तारेवर दोन महिलांची दिवाळी, एका कुटुंबाची पत आणि दोनशे पिशव्यांचा शब्द टांगलेला होता. वेळेवर माल गेला, उचल फिटली आणि यंत्रापाशी खिळ्याला एक वही टांगली गेली. तिच्या पहिल्या पानावर पुतणीच्या अक्षरात तारीख, लक्षण आणि उपाय अशी एक ओळ आहे. त्याखालची दुसरी ओळ काही दिवसांनी मिस्त्रींनी स्वतः लिहिली.